पाऊस माथ्यावर, पूर पायवाटेवर : कौआई बेटावरील कलालाऊ मार्ग

प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहात कौआई नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४३० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दीड-दोन तालुक्यांएवढे. अक्षांश नागपूरच्या किंचित उत्तरेचा. द्वीपसमूहातील मोठ्या बेटांपैकी हे सर्वांत जुने असून सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून ते घडले. बेटाच्या वायव्य किनाऱ्यास ‘ना पाली’ म्हणतात. स्थानिक भाषेत त्याचा अर्थ उंच कडे असा होतो. काही ठिकाणी हजार-बाराशे मीटर उंचीच्या डोंगरभिंती येथे थेट समुद्रात उतरल्या आहेत. या भागात मोटाररस्ता नाही आणि तो होण्याजोगी जागाही नाही. आहे ती केवळ एक पायवाट. बेटाच्या उत्तर टोकाशी हाएना येथे डांबरी रस्ता संपतो, तेथील केए नावाच्या पुळणीपासून ही वाट निघते आणि सुमारे १८ किलोमीटरनंतर कलालाऊच्या खोऱ्यात पोहोचते. जगातील अत्यंत रमणीय पायवाटांत तिची गणना होते. ती अत्यंत धोक्याच्या वाटांपैकी एक म्हणूनही ओळखली जाते, आणि या दोन्ही लौकिकांचे मूळ कारण एकच आहे. ते म्हणजे पाऊस.

पावसाळ्यात डोंगरवाटांवर आणि धबधब्यांवर होणारी गर्दी ही आज महाराष्ट्रातील अनेक जिल्हा प्रशासनांपुढील व ग्रामपंचायतींपुढील नित्याची चिंता झाली आहे. त्या दृष्टीने कलालाऊ मार्गाची माहिती उद्‌बोधक ठरावी. सह्याद्रीशी या बेटाचे एक आंतरिक नातेही आहे. दोन्हीकडचा खडक लाव्ह्यापासून बनलेला काळा बसाल्ट, दोन्हीकडे त्याची झीज होऊन झालेली तांबडी चिकण माती, आणि दोन्हीकडे समुद्रावरून येणारे वारे डोंगराने अडविल्यामुळे पडणारा पाऊस.

येथील पर्जन्याची तऱ्हा

कौआईच्या मध्यभागी वायआलेआले हे १,५६९ मीटर उंचीचे शिखर आहे. ईशान्येकडून वर्षातील बहुतेक काळ वाहणारे व्यापारी वारे या डोंगरावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि बाष्प टाकून देतात. वेगवेगळ्या कालखंडांतील नोंदींनुसार या शिखरावरील पावसाची वार्षिक सरासरी साडेनऊ हजार ते साडेअकरा हजार मिलिमीटर भरते. मेघालयातील मौसिनराम व चेरापुंजी यांच्या पंक्तीस बसणारे हे स्थान आहे. उलट त्याच बेटाच्या पश्चिम बाजूस, शिखरापासून काही कोसांवर, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरास साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडावा आणि घाटाखालच्या वाईस तो हजाराच्याही आत असावा, हा आपल्या परिचयाचा पर्जन्यछायेचा प्रकार तो हाच.

फरक आहे तो काळाचा. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत बांधलेला असतो. कौआईत ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ अधिक पावसाचा व मे ते सप्टेंबर हा तुलनेने कोरडा. तथापि माथ्यावर तो बाराही महिने पडत असतो. त्यामुळे ‘पावसाळा संपला, आता निर्धास्त जावे’ असे म्हणण्याची सोय येथे नाही. ऐन उन्हाळ्यातही माथ्यावर सर पडली की खालचे ओढे फुगतात.

किनाऱ्यावर ऊन आणि माथ्यावर मुसळधार ही येथील नेहमीची स्थिती होय. कड्यांना चिरून निघालेली खोरी आखूड आणि उभी आहेत. ओढा उगमापासून समुद्रापर्यंत अवघ्या काही किलोमीटरांत हजार मीटरच्या आसपास खाली येतो. मोठ्या नदीचा पूर जसा तासन्‌तास आधी वर्दी देत येतो, तसा अवधी येथे मिळत नाही. पुळणीवर माणसे ऊन खात बसलेली असतात आणि त्यांच्या शेजारचा घोट्याएवढा ओढा काही मिनिटांत कमरेएवढा होतो. आकाशाकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला हे खोरे हटकून फसविते, कारण पाहावयाचे असते ते डोक्यावरचे आकाश नव्हे, तर खोऱ्याच्या माथ्याशी दाटलेले ढग.

जुन्या हवाई समाजास हे नीट ठाऊक होते. त्यांची जमीनविभागणीच मुळी ‘आहुपुआआ’ या तत्त्वावर होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रातील प्रवाळकट्ट्यापर्यंत, एका ओढ्याने जोडलेला सगळा पट्टा हा एक आहुपुआआ. वरचे रान, मधली शेती आणि खालची मासेमारी ही त्याची अंगे. आपल्या पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमात काम केलेल्या ग्रामपंचायत सदस्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगावयास नको.

वाट कशी आहे

आजच्या पायवाटेची मूळ आखणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली व काही भाग १९३० नंतरच्या दशकात पुन्हा बांधण्यात आले. त्यापूर्वीही किनाऱ्यावरील वस्त्यांना जोडणारी पाऊलवाट होतीच. या खोऱ्यांतून शतकानुशतके माणसे राहत होती व अळूची खाचरे पिकवीत होती. हवाई लोकांचे मुख्य अन्न म्हणजे ‘कालो’, अर्थात अळूचा कंद. भाताप्रमाणे बांध घालून, ओढ्याचे पाणी पाटाने फिरवून ते पिकविले जाई. त्या खाचरांचे दगडी बांध आजही झाडीत दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ही खोरी ओस पडली. कुष्ठरोग्यांना सक्तीने दूरच्या बेटावर धाडण्याच्या काळात, १८९३ मध्ये, कोओलाऊ नावाचा एक रोगी कुटुंबासह कलालाऊच्या रानात राहिला आणि सैनिक पाठवूनही तो अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागला नाही. ही भूमी किती दुर्गम आहे याची यावरून कल्पना यावी.

वाटेचा आरंभच चढाचा. पहिल्या टप्प्यात दगड बसविलेली जुनी फरसबंदी आहे आणि ती पावसात शेवाळलेल्या घाटपायऱ्यांसारखी निसरडी होते. दोन्ही बाजूंस केवड्याच्या कुळातील ‘हाला’ची झाडे, जंगली अक्रोड आणि मोकाट वाढलेला पेरू. पुढे आंबा व जांभूळही भेटतो. जांभूळ आपल्याकडे किती सोज्ज्वळ झाड! तेथे मात्र ते बाहेरून आलेले व मूळ वनस्पतींना हटविणारे म्हणून वनाधिकाऱ्यांच्या नाराजीस पात्र झाले आहे.

सुमारे सव्वातीन किलोमीटरवर हानाकापीआईचा ओढा आडवा येतो. येथपर्यंत बरेच जण एका दिवसात जाऊन परततात. ओढ्याच्या वरच्या अंगास आणखी तितकेच अंतर गेले की सुमारे नव्वद मीटर उंचीचा धबधबा लागतो. त्या वाटेवर तोच ओढा पुनःपुन्हा ओलांडावा लागतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हानाकापीआईनंतर वाट समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास चढते व दोन लहान खोरी ओलांडून, आरंभापासून सुमारे साडेनऊ किलोमीटरवरील हानाकोआ येथे येते. येथे जुन्या अळूखाचरांच्या पायऱ्यांवर गेल्या शतकाआधीच्या कॉफीमळ्यातील झाडे रानटी होऊन उभी आहेत. यापुढे काही अंतर वाट उघड्या कड्याच्या अंगावरून जाते. एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस काहीशे फूट खाली समुद्र आणि मध्ये एका माणसापुरती जागा. पाऊस व वारा असताना येथे दोन माणसांना एकमेकांस वाट देणेही कठीण होते. अखेरीस तांबड्या मातीचा एक उघडा उतार लागतो आणि तो संपल्यावर कलालाऊची विस्तीर्ण पुळण.

पावसात ही वाट का चालावी, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर डोळ्यांना मिळते. कोरड्या दिवसांत हे कडे करड्या-हिरव्या घड्यांसारखे दिसतात. सर येऊन गेली की प्रत्येक घडीतून पाण्याची एक पांढरी रेघ खाली उतरू लागते, ढग कड्याच्या मध्यावरच अडकून राहतात आणि खाली समुद्राचा रंग निळ्यावरून तांबूस होत किनाऱ्यालगत मातकट पट्टा उमटतो. आषाढात माळशेज अथवा आंबोलीचा घाट पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. मात्र येथे कड्याच्या पायथ्याशी भातशेतीऐवजी महासागर आहे.

पाण्याची परीक्षा

या वाटेवरील अपघातांचे वर्णन ‘कड्यावरून पडणे’ असे सर्वसाधारणपणे केले जाते. तसे अपघात होतात, परंतु मोठ्या संख्येने माणसे संकटात सापडतात ती ओढ्याकाठी. फेब्रुवारी २०१३ मध्ये हानाकापीआईच्या ओढ्यास अकस्मात पूर येऊन एक पर्यटक स्त्री वाहून गेली व पन्नासहून अधिक माणसे अडकून पडली. पुढील वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, त्याच ओढ्यापलीकडे अडकलेल्या १२१ जणांना बाहेर काढावे लागले. ही सारी माणसे सकाळी पाणी घोट्याएवढे असताना पलीकडे गेली होती, आणि परतीच्या वेळी पाण्याने वाट अडविली होती.

अशा वेळी माणूस जे करतो ते समजण्याजोगे आहे, पण तेच घातक असते. मोटार पलीकडे उभी असते, संध्याकाळ होत आलेली असते, अंगावरचे कपडे भिजलेले असतात, जवळ अन्न नसते. कोणी एक धीट माणूस पाण्यात उतरतो आणि पार होतो. मग दुसरा उतरतो. पहिल्यास जमले म्हणून तिसऱ्यासही जमेल, असे पाण्याचे गणित नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवर येणारा त्याचा जोर चौपट होतो. शिवाय पाणी गुडघ्याच्या वर चढले की शरीराचा अधिक भाग प्रवाहात येतो, आणि पाण्याच्या उचलीमुळे तळाशी असलेली पावलांची पकड कमी होते. चांगला पोहणारा माणूस येथे फारसा सुरक्षित नसतो, कारण खडकांवर आपटत जाणाऱ्या पाण्यात पोहता येत नाही. हानाकापीआईस तर वाट जेथे ओढा ओलांडते तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या प्रचंड लाटा याच पुळणीवर फुटत असतात. पाय सुटलेला माणूस थेट त्या लाटांत जातो.

पाणी चढत असल्याची काही लक्षणे अनुभवी माणसे सांगतात. नितळ पाणी एकाएकी चहासारखे तांबूस होणे. पाला, काटक्या व फेस वाहून येऊ लागणे. ओढ्याच्या आवाजात बदल होऊन तळाचे दगड गडगडल्याचा नाद येणे. मघाशी वर दिसणारा एखादा दगड बुडणे. यांपैकी एकही खूण दिसली की पाण्यात असलेल्याने जवळचा काठ गाठावा आणि काठावर असलेल्याने उंच जागी जाऊन बसावे. आखूड खोऱ्यांतील पूर जसा चटकन चढतो, तसा माथ्यावरचा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. म्हणून या वाटेवर जाणाऱ्यास तेथील उद्यान-अधिकाऱ्यांचा पहिला उपदेश असतो तो थांबण्याचा. एक रात्र उघड्यावर भिजत काढावी लागली तर हाल होतील, पण जीव राहील. हा उपदेश पाळता यावा म्हणून एका दिवसाच्या फेरीसाठी निघालेल्यानेही शिधा, विजेरी, पावसाळी अंगरखा आणि एखादे कोरडे, लोकरी अथवा तत्सम वस्त्र सोबत ठेवावे, असे आम्हांस वाटते. सुती कपडा भिजला की तो अंगाची ऊब काढून घेतो. उष्ण कटिबंधातील बेट म्हणून हे गौण मानू नये. भिजलेल्या अंगास वारा लागला की हुडहुडी येथेही भरते.

पावसातील चालण्याविषयी आणखी थोडे. तांबडी चिकण माती भिजली की साबणासारखी होते. बुटांचे तळवे खोल खाचांचे हवेत, हातात काठी हवी, आणि उतारावर पावले आखूड टाकावीत. वाटेच्या दरीकडील कडेला गवत व झुडपे माजलेली असतात, त्याखाली जमीन असेलच असे नाही. म्हणून चालावे ते डोंगराच्या बाजूने. मोठ्या पावसानंतर वरून दगड सुटतात, कड्यांवर फिरणाऱ्या रानटी शेळ्यांच्या खुरांनीही ते निसटतात. ओढ्याचे पाणी नितळ दिसले तरी उकळल्याखेरीज अथवा शुद्ध केल्याखेरीज पिऊ नये. जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका येथे आहे. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ज्या रोगाचा प्रादुर्भाव अनुभवला तोच हा. वाटेवर दूरध्वनीचे जाळे नाही. सुटकेचे मुख्य साधन हेलिकॉप्टर, आणि ढग उतरले किंवा अंधार पडला की तेही येऊ शकत नाही. म्हणजे ज्या हवेत मदतीची गरज सर्वाधिक, नेमकी त्याच हवेत ती मिळणे सर्वांत अवघड.

१९१८ नव्हे, २०१८ ची अतिवृष्टी

शतकापूर्वीची एखादी आख्यायिका वाटावी अशी ही घटना अगदी अलीकडची आहे. १४ व १५ एप्रिल २०१८ या दोन दिवशी कौआईच्या उत्तर किनाऱ्यावर जो पाऊस झाला त्यास त्या देशाच्या इतिहासात तोड नव्हती. हानालेईजवळील वाइपा येथील पर्जन्यमापकात चोवीस तासांत सुमारे १,२६२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चोवीस तासांतील पावसाचा अमेरिकेतील हा उच्चांक म्हणून तेथील तज्ज्ञ समितीने मान्य केला. तुलनेसाठी सांगावयाचे तर २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कौआईत दरडी कोसळून एकुलता एक रस्ता तुटला, हाएना व वाइनिहा ही गावे उर्वरित बेटापासून अलग पडली, आणि शेकडो लोकांना हवाईमार्गे हलवावे लागले. सुदैवाने बेटावर प्राणहानी झाली नाही. परंतु हाएनाचे राज्य उद्यान व कलालाऊ मार्ग जून २०१९ पर्यंत, म्हणजे चौदा महिने, बंद राहिले.

या सक्तीच्या विश्रांतीत एक उपयोगी गोष्ट घडून आली. पूर्वी या लहानशा उद्यानात गर्दीच्या दिवशी दोन-तीन हजार माणसे येत. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहत, गावकऱ्यांस स्वतःच्या घरी पोहोचणे कठीण होई आणि रुग्णवाहिकेस वाट मिळत नसे. ओढ्याकाठी जमणारी गर्दीही याच संख्येतून येई. पुन्हा उद्यान खुले करताना शासनाने, अगोदरच तयार केलेल्या आराखड्यानुसार, दिवसाला ९०० अभ्यागतांची मर्यादा घातली. बाहेरगावच्या पाहुण्यांस आगाऊ नोंदणी आवश्यक झाली, मोटारतळावरील जागा मोजक्या ठेवून बससेवा सुरू करण्यात आली. हानाकापीआईच्या पुढे जावयाचे असल्यास मुक्कामाचा स्वतंत्र परवाना लागतो आणि तो अधिकाधिक पाच रात्रींचा असतो.

व्यवस्थेचा भार एकट्या शासकीय खात्यावर मात्र नाही. हाएनातील मूळ रहिवासी कुटुंबांनी एकत्र येऊन स्थापन केलेली संस्था अनेक वर्षे उद्यानातील ओसाड खाचरे साफ करून पुन्हा अळू लावीत होती. पुढे समोरच्या समुद्रातील मासेमारीचे नियमही गावाच्या परंपरेस धरून २०१५ मध्ये मंजूर झाले. ज्या लोकांना ओढ्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तेच आता येणाऱ्या पाहुण्याशी प्रथम बोलतात. आमच्या मते या सर्व योजनेतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. इशाऱ्याचा फलक वाचून माणूस पुढे जातो. गावच्या माणसाने ‘आज नको’ म्हटले तर तो निदान थबकतो.

आपल्याकडील संदर्भ

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथेही पाणी वाढले ते वरच्या डोंगरातील पावसाने, आणि तेथेही आरंभी ते उतरण्याजोगे वाटत होते. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या अनेक ठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश काढले. असे आदेश आवश्यक असतात. तथापि प्रत्येक धबधब्याशी पोलीस उभा करणे शक्य नसते, आणि आदेशाची मुदत संपताच गर्दी परत येते. साताऱ्यानजीक कासच्या पठारावर मात्र याच स्वरूपाचा एक प्रयोग आपण केलेला आहे. तेथे फुलांच्या हंगामात येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी व शुल्क अशी पद्धत असून स्थानिक संयुक्त वन व्यवस्थापन समित्या त्यात काम करतात. तो प्रयोग फुले वाचविण्यासाठी झाला. पावसाळी धबधब्यांच्या गावांतील समित्यांना माणसे वाचविण्यासाठी तो वापरता येईल काय, याचा विचार संबंधित ग्रामपंचायतींनी व वन विभागाने पावसाळ्यापूर्वीच करणे इष्ट होईल. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. माथ्याजवळच्या गावात एक पर्जन्यमापक, तेथून खालच्या गावास निरोप पोहोचविण्याची सोय, आणि निरोप मिळताच वाट बंद करण्याचा अधिकार कोणास आहे याचा आधीच झालेला निर्णय, एवढे तरी असावे. शाळांतील शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला आपल्याच गावच्या ओढ्याचा उगम नकाशावर दाखविला, तर ‘येथे पाऊस नसताना पाणी कोठून आले’ या प्रश्नाचे उत्तर मुलांस सहज मिळेल.

कौआईस प्रत्यक्ष जाण्याचा योग येणाऱ्यांसाठी एवढेच सांगता येईल की मे ते सप्टेंबर हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. हाएनाच्या मोटारतळापासून वाटेच्या आरंभाकडे जाताना लाकडी फळ्यांचा पूल लागतो. त्याच्या दोन्ही अंगांस अळूची हिरवी खाचरे आहेत आणि त्यांतून डोंगरावरून आलेले पाणी संथपणे वाहत असते. अकस्मात पुराचा इशारा निघाला की हे उद्यान बंद होते, आणि त्या दिवसाची नोंदणी हाती असलेल्यासही आत सोडले जात नाही.